तरुण संघातल्या पोराला सगळ्यांसमोर बोललो, आता तो येतच नाही. कळवळा म्हणजे नक्की करायचं काय?

मिरजेचा_दादा (प्रश्न)

सलाम सगळ्यांना. मी मिरजेचा, वय २८, सांगलीत एका ऑफिसात हिशोबाचं काम करतो आणि गेली तीन वर्षं आमच्या चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडं आहे. जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचा, कारण हे घरी कुणाला नीट सांगता येत नाहीये.

आमच्या संघात एक पोरगा होता, वीसेक वर्षांचा, ढोलकी फार सुंदर वाजवायचा. नाताळच्या आधी आम्ही रात्री घरोघरी कॅरल म्हणत फिरतो, तर तिसऱ्या का चौथ्या घरी माझ्या लक्षात आलं की त्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय. बरोबर मुली होत्या, लहान पोरं होती, मला एकदम राग आला आणि मी तिथंच अंगणात सगळ्यांसमोर म्हणलो की प्रभूच्या नावाला काळिमा फासतोयस, जा घरी. त्यानं काही उत्तर दिलं नाही, ढोलकी गळ्यातनं काढली, पायरीवर ठेवली आणि गेला. पुढच्या रविवारी कमिटीनं ठरवलं की सहा महिने त्याला कुठल्या कार्यक्रमात घ्यायचं नाही. मीही सही केली.

त्याला आता चार महिने झाले. मागच्या आठवड्यात त्याची आई माझ्या आईला भाजी मंडईत भेटली, तेव्हा कळलं की वडिलांचं डायलिसिस ऑक्टोबरपासनं चालू आहे, ह्यानं कॉलेज सोडलंय आणि कुपवाडला एमआयडीसीत रात्रपाळी करतोय. मला हे माहीतच नव्हतं. माझ्याकडं तीन वर्षांचं हजेरीचं रजिस्टर आहे, कोण कधी आलं, बायबल क्विझमध्ये कुणाला किती मार्क पडले, सगळं लिहिलेलं आहे. त्याच्या घरी काय चाललंय ते कुठंच नाही.

संख्याही कमी झालीय, पूर्वी तीसेक यायचे, आता शनिवारी आठ नाहीतर नऊ. कमिटी म्हणते नवीन साउंड सिस्टीम घेऊ, गिटार शिकवायला कोणीतरी आणू, पाचगणीला शिबिर काढू. काढा की, पण त्यानं काय होणार मला समजत नाही. आमच्या बॅनरवर लिहिलंय 'ख्रिस्ताच्या कळवळ्याने तरुणांची सेवा', ते बॅनर मीच छापून आणलंय. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, समोर नऊ पोरं बसलेली असताना, ह्या वाक्याचा अर्थ काय होतो? आणि त्या पोराकडं जाऊन मी माफी मागावी का? कमिटीतले एक काका म्हणाले की तू माफी मागितलीस तर शिस्त संपली.

सांगलीचा_बाप

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी अशाच एका तरुण संघात जाते. कॅरलला रात्री अकरा अकरा वाजतात, आम्ही तुमच्यासारख्या पुढाऱ्यांच्या भरवशावर पाठवतो. तिथं एक पोरगा पिऊन आलाय आणि तुम्ही त्याला काहीच बोलला नसता, तर मी दुसऱ्या दिवशी मुलीचं जाणं बंद केलं असतं. त्याच्या घरी अडचण आहे हे वाईटच आहे, पण अडचण सगळ्यांच्या घरी असते, सगळे पीत नाहीत. कळवळा कळवळा करून आपण चूक ही चूक आहे हे म्हणायचंच सोडून दिलंय. तुम्ही त्याला घरी पाठवलं ते बरोबर केलं असं माझं मत आहे.

साताऱ्याच्या_बाई

सलाम. मी साताऱ्यात राहते, शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे, संडे स्कूल अजून घेते.

आधी सांगलीच्या भाऊंना, तुमची काळजी खरी आहे आणि घरी पाठवायलाच हवं होतं. पण घरी पाठवणं वेगळं आणि अंगणात वीस जणांसमोर त्याची लाज काढणं वेगळं. बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं पायऱ्या सांगितल्यात ना, भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर आणखी एक दोघांना घेऊन जा. मंडळीला, म्हणजे सगळ्या चर्चला, सांगायचं ते त्याच्याही नंतर. इथं पहिल्या दोन पायऱ्या कुणी चढलंच नाही, एकदम कमिटीत विषय. शिस्तीच्या बाजूनं बोलायचं तर शिस्त तुम्हीही पाळलेली नाही, बाळा.

आता तुझा प्रश्न, कळवळा म्हणजे काय. मला ह्या शब्दावर फार प्रेम आहे म्हणून जरा लांबण लावते. शुभवर्तमानांत जिथं जिथं 'त्याला कळवळा आला' असं येतं तिथं मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपण म्हणतो ना आतडं तुटलं, पोटात कालवलं, अगदी तसाच. म्हणजे डोक्यानं विचार करून दाखवलेली सहानुभूती नाही ती, आत काहीतरी पिळवटतं. आणि हा शब्द तिथं कुणालाही लावलेला नाही. एक तर तो येशूबद्दल येतो, नाहीतर त्यानं सांगितलेल्या तीन दाखल्यांत, म्हणजे बोधकथांत, चाकराचं कर्ज सोडणारा राजा, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा शोमरोनी आणि सगळा पैसा उडवून परत येणाऱ्या उधळ्या पोराचा बाप. त्या तिघांनीही पुढं स्वतःच्या खिशाला तोशीस लावून घेतलीय हे बघ.

मत्तय ९:३६ काढून बघ. लोकांना पाहून त्याला कळवळा आला, कारण मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते गांजलेले आणि पांगलेले होते. आधी पाहिलं, मग आतडं पिळवटलं, मग तो शिष्यांना म्हणाला पीक फार, कामकरी थोडे, आणि त्यानंतर दहाव्या अध्यायात त्यांना पाठवलं. आपण पाठवण्यापासून सुरू करतो, कार्यक्रम आधी, बॅनर आधी. तुझं रजिस्टर वाईट नाहीये, पण पोरं मोजून झाल्यावर त्यांच्याकडे बघायचं राहून गेलं.

आणि उधळ्या पोराच्या दाखल्यातली एक गोष्ट मी पोरांना दरवर्षी दाखवते. तो पोरगा वाटेत भाषण पाठ करून येतो, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यांसारखं ठेवा. बाप धावत जातो, गळ्यात पडतो, पोरगा भाषण सुरू करतो आणि 'मोलकऱ्यांसारखं ठेवा' हे वाक्य त्याला म्हणताच येत नाही, बाप मधेच चाकरांना हाक मारतो, झगा आणा, अंगठी आणा. त्या काळच्या म्हाताऱ्या घरमालकानं असं झगा सावरत सगळ्या गावासमोर धावायचं म्हणजे स्वतःचा मान सोडणं होतं. पोराची लाज गावासमोर निघायची होती, ती बापानं स्वतःच्या अंगावर घेतली. तुझ्या अंगणात ह्याच्या उलटं झालं, म्हणून तुला झोप येत नाहीये.

माफी मागायला जा. पिण्याबद्दल त्याला बरोबर ठरवायला नको जाऊस, तू जे सगळ्यांसमोर केलंस त्याबद्दल जा.

तासगावकर_८१

नमस्कार. मी ख्रिश्चन नाही, माळकरी घरातला आहे, पण हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी आठवी ते अकरावी मिशनच्या एका होस्टेलात होतो. आमच्याकडं तेव्हा द्राक्षबागा आत्तासारख्या नव्हत्या, कोरडवाहू दोन एकर आणि खाणारी सात तोंडं. नववीत असताना मी होस्टेलातनं पळून घरी गेलो, कारण सांगायचं तर एका पोराचे पैसे घेतले होते आणि ते उघडकीला येणार होतं. तिसऱ्या दिवशी आमचे रेक्टर सर एसटीनं गावात आले, स्टॉपपासनं आमचं रान चार किलोमीटर, उन्हातनं चालत. आबा रानात होते तर सर संध्याकाळपर्यंत सोप्यात बसून राहिले. मला वाटलं आता हे आबांना सांगणार आणि माझी चामडी लोळणार. त्यांनी आमच्यासोबत भाकरी आणि खर्डा खाल्ला, पावसाचं विचारलं, बैलाचं विचारलं आणि निघताना एवढंच म्हणाले, ह्याची परीक्षा जवळ आलीय, उद्या माझ्याबरोबर पाठवता का. पैशाचा विषय त्यांनी माझ्याजवळ काढला, दुसऱ्या दिवशी एसटीत, आम्ही दोघंच एका सीटवर. ते पैसे मी पुढं सहा महिने होस्टेलच्या बागेत पाणी घालून फेडले, म्हणजे सुटका नव्हती, पण कुणालाही कळलं नाही.

आमच्या आजीला लय भीती होती की पोराला बाटवतील. चार वर्षांत मला कुणी एकदाही म्हणलं नाही की तू आमचा हो. प्रार्थनेला बसायचो, गाणी अजून पाठ आहेत, कपाळाला बुक्का लावून बसलो तरी कुणी पुसायला सांगितलं नाही. सर गेले तेव्हा त्यांच्या मातीला मी गेलो होतो, स्मशानात निम्मी माणसं माझ्यासारखीच होती, टिळेवाली, टोपीवाली.

तुकोबांचा अभंग आहे, लेकुराचे हित वाहे माउलीचे चित्त, ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती. वरती बाईंनी आतड्याचं लिहिलंय ना, तुकोबाही पुढं म्हणतात पोटी भार वाहे. मला सरांकडं बघूनच तो अभंग समजला, घरात रोज म्हणायचे तेव्हा समजला नव्हता. म्हणून दादा तुम्हाला सांगतो, मदतीला अट लावू नका, चर्चला यायची सुद्धा नको. तो परत संघात यावा म्हणून त्याच्या घरी जाणार असाल तर पोराला ते उंबऱ्यातच कळतंय. वडील आजारी आहेत म्हणून जावा.

मिरजेचा_दादा

तासगावकर साहेब, ऑफिसात वाचलं आणि उठून बाहेर जावं लागलं. आभारी आहे.

बाई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात जायचा विचार आला तेव्हा पहिलं हेच आलं की तो आला तर ढोलकीचा प्रश्न सुटेल.

अजून एक आठवलं. २०१९ चा पूर आला तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, मिरजेत पूरग्रस्तांची सोय केलेली, तेव्हा मी पुढारी नव्हतो, नुसता संघात होतो. कुणालाही बोलवावं लागलं नाही, पन्नास पोरं आली, त्यातली कित्येक आमच्या चर्चची नव्हतीच. हा पोरगा तेव्हा सहावी सातवीत असेल, गल्लीत घरोघरी जाऊन भाकरी गोळा करायचा आणि कापडात बांधून आणून द्यायचा, ओझ्यानं वाकायचा. तेव्हा गिटार नव्हती आणि साउंड सिस्टीम तर पाण्यात होती. कमिटीला हे सांगायचंय पण कसं मांडू कळत नाही.

वसईहून_सांगलीत

दादा, मी कॅथलिक आहे, नोकरीमुळं सांगलीत. थोडक्यात लिहितो. आमच्याकडं संत डॉन बॉस्कोंची एक गोष्ट सांगतात, ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं तुरीन शहर. मिस्साच्या, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेच्या, तयारीत होते, तेवढ्यात चर्चमधल्या सेवकानं एका गवंडीकाम करणाऱ्या अनाथ पोराला काठीनं बदडून हाकललं, का तर त्याला मिस्साची सेवा करता येत नव्हती. डॉन बॉस्को म्हणाले त्याला परत बोलव, तो माझा मित्र आहे. ओळखही नव्हती. मग त्याला विचारलं वाचता येतं का, नाही. लिहिता येतं का, नाही. गाता येतं का, नाही. शेवटी विचारलं शीळ घालता येते का, तेव्हा पोरगा हसला. त्यांचं पोरांसाठीचं सगळं काम तिथनं सुरू झालं असं ते स्वतः सांगायचे. त्यांचं म्हणणं होतं की पोरांवर प्रेम करणं पुरत नाही, आपल्यावर प्रेम केलं जातंय हे पोरांना कळलं पाहिजे. तुमच्या पोराला ढोलकी येते, एवढं तर तुम्हाला माहितीच आहे.

पुराचं वाचून योहानाच्या सहाव्या अध्यायातला पोरगा आठवला, येशूनं हजारो लोकांना जेवू घातलं तेव्हाचा, पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्यावाला. तिथंही पोराकडनं घेतलंय, त्याला नुसतं बसवून जेवायला वाढलेलं नाही. कमिटीला हेच सांगा.

सिस्टर_कराड

मी नर्स आहे, आधी मिरजेत शिकले, आता कराडला असते. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलं हे मिरजेत सगळ्यांना पाठ असतं, पण त्यांनी इथल्या तरुणांना डॉक्टरी शिकवायची सोयही केली हे कमी जण सांगतात. वरच्या भाऊंच्या मुद्द्याला जोडून लिहिलं, तरुणांच्या हातात काम आणि विद्या दिली की ते टिकतात.

पण मला दादांना सावध करायचंय. जाल तेव्हा मनाची तयारी करून जा. डायलिसिसवाल्या घरात काय असतं ते मी रोज बघते, आठवड्यातनं दोन तीन वेळा पेशंटला न्यायचं, प्रत्येक वेळेला चार तास, पाणी मोजून द्यायचं, आणि न्यायला आणायला जो जवान पोरगा असतो त्याची झोप कुणी मोजत नाही. रात्रपाळी करून सकाळी बापाला घेऊन येणारी पोरं खुर्चीत बसल्या बसल्या झोपतात. तुम्हाला काही करायचंच असेल तर आठवड्यातली एक पाळी तुमच्या संघानं घ्या, गाडीवरून न्या आणि आणा, ते चार तास तो पोरगा घरी झोपू दे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यांनी कार्ड केलंय का विचारा, कित्येकांना कागद कुठं द्यायचा तेच माहीत नसतं.

पिण्याबद्दल, तो रोज पितो का एकदाच घेतली होती हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून अंदाज बांधू नका. आणि बोलताना जगण्यात राम नाही अशा छापाचं काही निघालं तर उपदेश करायला बसू नका, वचनं सांगत बसू नका, नीट ऐका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. शोमरोन्यानं तेल आणि द्राक्षारस लावला, स्वतःच्या जनावरावर बसवलं, पण पुढं उतारशाळेत नेलंच की, उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले आणि म्हणाला जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. सगळं स्वतः करायला बसला नाही आणि सोडूनही गेला नाही.

आणखी एक, हे ह्या पोराबद्दल नाही, एकंदर संघाबद्दल. अठराच्या आतल्या मुलामुलींशी बंद खोलीत एकट्यानं बोलणं, रात्री अपरात्री मेसेज, हे कितीही चांगल्या मनानं असलं तरी नको. दार उघडं, नजरेच्या टप्प्यात दुसरं मोठं माणूस. आमच्या चर्चमध्ये हे लिहून लावलंय आणि त्यानं आईबापांचा विश्वास वाढलाच.

सांगलीचा_बाप

सिस्टर, शेवटचं लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद, मला हेच म्हणायचं होतं, रागात नीट मांडता आलं नाही.

दादा, मी वरती जे लिहिलं ते मागं घेत नाही, पण डायलिसिसचं वाचून काल रात्री बायकोशी बोललो. माझ्याकडं चारचाकी आहे, मंगळवारी मला सुट्टी असते. मिरज काय लांब नाही. उपयोग असेल तर सांगा, माझं नाव त्यांना सांगायची गरज नाही.

साताऱ्याच्या_बाई

भाऊ, तुमचं वाचून फार बरं वाटलं. उधळ्या पोराच्या त्या दाखल्यात बाप रुसून बाहेर थांबलेल्या मोठ्या मुलाकडेही घराबाहेर आला होता आणि त्यालाही त्यानं 'बाळा' म्हणूनच हाक मारली.

तासगावकरांनी तुकोबा काढले म्हणून सांगते. रेव्हरंड टिळक, ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन, शेवटी शेवटी आमच्या साताऱ्यात येऊन राहिले होते, १९१७ साली मिशनचं काम सोडून. मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. इथं त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ ला, ते गेले, त्यामुळं काम फार वाढलं नाही. पण इथून जाताना मला नेहमी वाटतं की दार किती उघडं ठेवायचं हा प्रश्न आपल्या आधी फार मोठ्या माणसांनी घेतलेला आहे, तुमची कमिटी काही पहिली नाही.

दादा, गेलास की कळव. आणि तो बोलला नाही, चहा दिला नाही, दार लावून घेतलं, तरी कळव. मार्काच्या दहाव्या अध्यायात तो श्रीमंत तरुण येतो, येशू त्याच्याकडे निरखून बघतो, त्याच्यावर प्रीती करतो असं स्पष्ट लिहिलंय, आणि तरीही तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. प्रीती केली म्हणून तो थांबलाच असं झालं नाही.

मिरजेचा_दादा

काल रविवारी उपासना झाल्यावर गेलो होतो, एकटाच.

तो झोपला होता, आई उठवायला निघाली, मी नको म्हणलो. वडिलांशी बसलो तासभर. ते पूर्वी रेल्वेत हमाल होते, ढोलकी त्यांनीच शिकवलीय, मला हेही माहीत नव्हतं. कार्ड झालेलं नाही, कागद बघितले, रेशन कार्डावर नावात चूक आहे, ते मी करून देतो म्हणलंय, हिशोबाचं काम करतो तर कागदपत्रं तरी जमतात. निघताना तो उठला, दारात आला. मी म्हणलो, त्या रात्री सगळ्यांसमोर बोललो ते माझं चुकलं, तुला बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं. तो खाली बघत होता. बराच वेळानं म्हणाला, दादा त्या दिवशी डायलिसिस करताना पप्पांना पहिल्यांदाच चक्कर आलेली. बाकी काही बोलला नाही. संघाचं मी काढलं नाही आणि त्यानंही काढलं नाही.

कमिटीपुढं शनिवारी माझं पत्र ठेवतोय, सहा महिन्यांच्या त्या ठरावावरची माझी सही मागं घेतोय असं. काका रागावतील, त्यांच्याही घरी आधी जाऊन येणार आहे.

सांगलीचे भाऊ, त्यांचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार आहेत, सकाळी सातला निघावं लागतं. शुक्रवार मी आणि संघातली दोन पोरं वाटून घेतोय. मंगळवारचं तुम्हाला जमेल का? नंबर मेसेजमध्ये पाठवतो.

सांगलीचा_बाप

जमेल. पावणेसातला मिरजेत असतो.